उद्यमनगरात एमजीए : ‘बसतंय की’ कुठं ऐकायचं, कुठं नाही

कोल्हापुरात जुनी स्पोर्ट्‌स गाडी उभी करायला घेतली की पहिल्या आठवड्यातच एक वाक्य कानावर पडतं : ‘बसतंय की!’ पिस्टन अँबॅसडरचा आहे? बसतंय की. बोल्ट आठ एमएमचा आहे? बसतंय की. शिवाजी उद्यमनगर आणि वाय. पी. पोवारनगर या पट्ट्यातली मशीन शॉप, पॅटर्नवाले (ओतकामाचा नमुना बनवणारे), ओतकामवाले आणि पत्रेवाले यांचा हा रिव्ह्यू म्हणजे खरं तर या एका वाक्याचाच रिव्ह्यू आहे. निम्म्या वेळा ते वाक्य शंभर टक्के खरं ठरतं. उरलेल्या निम्म्या वेळा इंजिन दोन हजार किलोमीटरनंतर परत खोलावं लागतं.

निकाल आधीच सांगून टाकायचा तर : बीड (ओतीव लोखंड) आणि पोलादाचं काम इथं निर्धास्त द्या, फक्त मापं लिहून द्या. पत्रा समोर उभं राहून करून घ्या. कार्बोरेटर आणि बसायच्या सीट इथं देऊ नका.

या शहराचा हात इंजिनावर बसलेला आहे, त्याला कारण ऊस. विहिरीवरचं ऑइल इंजिन, गुऱ्हाळाचा चरखा, मग पंप, मग ट्रॅक्टरचे सुटे भाग, मग शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्या. त्यामुळे क्रँक ग्राइंडिंग, बोअर, हेड फेसिंग, लाइन बोअरिंग, ओतकाम हे सगळं रिक्षात ब्लॉक टाकून एका फेरीत उरकण्याइतकं जवळजवळ आहे. शिवाय दर दसऱ्याला छत्रपतींची मेबॅक बघत वाढलेल्या गावाला जुन्या गाडीचं अप्रूप समजावून सांगावं लागत नाही. उलट अडचण अशी की कारागीर गाडीत फार रस घेतात, गप्पा रंगतात आणि मापाचा कागद टेबलावरच राहतो.

उदाहरणाला गाडी घेऊ एमजीए १५००, म्हणजे १९५५ ते १९५९ या काळातली ब्रिटिश स्पोर्ट्‌स गाडी. ही गाडी इथं सोयीची पडते कारण तिचं आणि पेट्रोलच्या जुन्या अँबॅसडरचं रक्त एक आहे. दोन्हीकडे बीएमसीचं (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) बी-सिरीज इंजिन, दोन्हीकडे १४८९ सीसी, बोअर ७३.०२५ मिमी, स्ट्रोक ८८.९ मिमी, क्रँकला तीन मेन बेअरिंग, फायरिंग ऑर्डर १-३-४-२. रिंगा, शेल (क्रँकच्या बेअरिंगच्या अर्धगोल पट्ट्या), गास्केट ही नावं जुन्या स्पेअरवाल्याला तोंडपाठ असतात. इथवर ‘बसतंय की’ बरोबर आहे.

पिस्टनपाशी मात्र थांबायचं. एमजीएचं कॉम्प्रेशन ८.३ ला १, म्हणजे पिस्टन खाली असतानाची जागा तो वर असतानाच्या जागेच्या ८.३ पट. अँबॅसडर टॅक्सीच्या चालीची, कमी कॉम्प्रेशनची. पिस्टन बोअरमध्ये सुंदर बसतो, पण डोक्यावरचा खड्डा वेगळा असतो. हिशोब सोपा आहे. एका सिलिंडरचं स्वेप्ट व्हॉल्यूम (पिस्टन खालीवर होताना व्यापतो ती जागा) ३७२ सीसी. ८.३ हवं तर पिस्टन वर असताना एकूण मोकळी जागा ५१ सीसी पाहिजे. ती ६० सीसी झाली तर कॉम्प्रेशन ७.२ वर येतं आणि स्पोर्ट्‌स गाडी लग्नाच्या वरातीला बरी अशी होते. म्हणून पिस्टन घेण्याआधी हेडच्या चेंबरवर भोक पाडलेली ॲक्रिलिकची पट्टी ग्रीस लावून बसवा, ब्युरेटनं रॉकेल सोडा आणि सीसी मोजा. पिस्टनच्या खड्ड्याचं माप तसंच घ्या, दाबल्या गेलेल्या गास्केटची जागा त्यात मिळवा. चारही सिलिंडरचं वेगवेगळं मोजायचं. हे काम मशीन शॉप करत नाही, करायला सांगू पण नये. घरच्या टेबलावर होतं.

क्रँक ग्राइंडिंग हे उद्यमनगरचं सगळ्यात भरवशाचं काम. पिनचं (कनेक्टिंग रॉड बसतो तो भाग) मूळ माप १.८७५९ ते १.८७६४ इंच, म्हणजे ४७.६४८ ते ४७.६६१ मिमी, मेन जर्नल (क्रँक ब्लॉकमध्ये ज्यावर फिरतो तो भाग) २ इंच. साईज उतरते ती दहा, वीस, तीस, चाळीस थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) अशी. नियम एकच : शेल हातात येईपर्यंत क्रँक मशीनवर चढवू द्यायचा नाही. शेलच्या डब्यावर काय छापलंय त्यावर न जाता शेलच्या पाठीवरचा शिक्का वाचायचा. वीसचे शेल मिळतील या भरवशावर क्रँक वीसला उतरवला आणि बाजारात फक्त तीसचे निघाले, की क्रँकचं एक आयुष्य फुकट गेलं.

माप तपासायला स्वतःचा मायक्रोमीटर न्या. इथं एक बारीक गंमत आहे. आपल्याकडं सहज मिळणारा २५ ते ५० मिमीचा मायक्रोमीटर पिनला चालतो, पण मेन जर्नल ५०.८ मिमीचा असल्यामुळे त्यात शिरतच नाही. तीस थाऊ उतरवला तरी तो ५०.०४ राहतो. म्हणून एक तर १ ते २ इंची मायक्रोमीटर घ्या, नाहीतर ५० ते ७५ चा दुसरा. प्रत्येक जर्नल दोन टोकांना आणि प्रत्येक टोकाला काटकोनात दोनदा मोजायचा. अर्ध्या थाऊच्या वर फरक दिसला तर परत द्या. मोजलं की कारागीर चिडत नाहीत, उलट पुढच्या वेळी मान देतात.

मापापेक्षा जास्त घोळ कोपऱ्यात होतो. पिन आणि वेब (पिनला धरणारा क्रँकचा हात) जिथं मिळतात तिथं मूळची गोलाई असते. ती राखायला ग्राइंडिंग व्हीलची कड हिऱ्यानं त्या गोलाईत ड्रेस करावी लागते आणि त्यात वेळ जातो. घाईत ती कड तशीच ठेवली तर कोपरा चौकोनी होतो, आणि क्रँक तुटायचा झाला तर त्याची चीर तिथूनच सुरू होते. उलट गोलाई जास्त ठेवली तर शेलची कड तिच्यावर चढते आणि पहिल्या तासात शेल घासतो. रेडियस गेज लावून बघा. ते साधन स्वस्तात मिळतं. ऑइलच्या भोकांच्या कडा मोडून घ्या. क्रँकच्या मागच्या टोकाला जे आटे दिसतात ते पॉलिश करू देऊ नका. या इंजिनाला मागं ऑइल सील नाही, ते आटेच गळणारं ऑइल परत आत ओढतात. ते गुळगुळीत करून क्रँक ‘चकाचक’ दिला की क्लचवर ऑइल आलंच म्हणून समजा. शेवटी ऑइल गॅलरीचे (ऑइल वाहण्याच्या आतल्या वाटांचे) प्लग काढून ब्रश घालून धुवा, ग्राइंडिंगची पूड तिथंच दडून बसते. बेअरिंगचा क्लिअरन्स प्लास्टिगेजनं (दाबल्यावर चपटी होणारी बारीक दोरी) बघायचा. मेनला अर्धा ते दोन थाऊ.

बोअरला सगळ्यात मोठा धोका डिझेलच्या सवयीचा. मोठ्या बोअरच्या ट्रॅक्टरला जो गॅप शोभतो तो ७३ मिमीच्या पेट्रोल पिस्टनला फार होतो. पिस्टनच्या स्कर्टच्या (खालच्या भागाच्या) खालच्या टोकाला सुमारे २ थाऊ पाहिजेत. पिस्टनच्या डब्यातल्या कागदावर वेगळं लिहिलं असेल तर तो कागद प्रमाण. ‘जरा लूज ठेवतो, जाम व्हायला नको’ असं कुणी म्हणालं की ब्लॉक परत रिक्षात ठेवा. चारही पिस्टन दुकानात नेऊन ठेवायचे, प्रत्येकावर नंबर टाकायचा आणि प्रत्येक बोअर त्याच्या पिस्टनवरून करून घ्यायचा. रिंगेचा गॅप ८ ते १३ थाऊ. होनिंगच्या (बोअरला आतून दगडानं घासण्याच्या) रेषा एकमेकींना तिरक्या छेदणाऱ्या हव्यात, आडव्या गोल नकोत. आडव्या रेषांवर ऑइल टिकत नाही आणि रिंगा बसत नाहीत.

होनिंगनंतर ब्लॉक डिझेलनं धुवून द्यायची पद्धत आहे. ती अपुरी. होनिंगचे कण डिझेलनं सैल होतात पण रेघांत राहतात. गरम पाणी, कपड्याची साबण पावडर आणि ताठ ब्रश घेऊन घासा, मग पांढरं सुती फडकं ऑइलमध्ये बुडवून बोअरमधून फिरवा. फडकं करडं आलं तर परत धुवा. पांढरं आलं की त्याच क्षणी ऑइल लावा, कारण जुलैतल्या कोल्हापूरच्या हवेत उघडं बीड जेवण होईपर्यंत तांबूस होतं.

हेडचं काम इथं उत्तम होतं, एका अटीवर : आधी प्रेशर टेस्ट. या हेडला एक्झॉस्टची तीन तोंडं आहेत, मधलं तोंड दोन आणि तीन नंबरच्या सिलिंडरला सामाईक. उष्णता तिथं साठते, चीर तिथंच पडते. प्रेशर टेस्ट न करता व्हॉल्व्हच्या सीट बसवल्या तर मजुरी दोनदा जाते. सीट बसवायच्या कशाला? भारतात २००० साली शिशाचं पेट्रोल बंद झालं. मूळ हेडमध्ये व्हॉल्व्ह थेट बीडावर बसतो. शिशाची वंगणासारखी थर बंद झाल्यावर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह हळूहळू सीटमध्ये रुतत जातो आणि टॅपेटचा गॅप संपतो. म्हणून एक्झॉस्टला कडक इन्सर्ट, म्हणजे वेगळ्या बसवलेल्या सीटच्या कड्या, हवेत. इन्सर्ट खाचेपेक्षा ३ ते ४ थाऊ मोठा, म्हणजे ताठ बसला पाहिजे. हेड गरम, इन्सर्ट थंड करून बसवणारा कारागीर निवडा. हातोड्यानं ठोकून बसवणारा नको. आणि खाच किती खोल घेतोय ते विचारा. खालीच वॉटर जॅकेट आहे, तिथं पोचलं की हेड भंगारात. हेड फेसिंगला देताना ‘साफ होईल तेवढंच’ असं कागदावर लिहून द्या, कारण प्रत्येक पास म्हणजे कॉम्प्रेशन बदलणं, आणि मघाचा तो ५१ सीसीचा हिशोब पुन्हा करावा लागतो.

मजुरी बोअरला सिलिंडरमागं, क्रँकला पिनमागं, ओतकामाला किलोमागं सांगतात. घासाघीस करायची तर चार कामं एकत्र देऊन करा. एका पिनच्या पैशासाठी भांडलात तर ती पिन लक्षात राहते.

आता बोल्ट. गाडीचे बोल्ट जवळजवळ सगळे यूएनएफ, म्हणजे बारीक आट्यांचे इंची. पाच सोळांश इंची बोल्टला इंचाला २४ आटे, जाडी ७.९४ मिमी. मेट्रिक एम-८ ची जाडी ८ मिमी, पिच १.२५, म्हणजे इंचाला साधारण २० आटे. म्हणून एम-८ बोल्ट त्या भोकात दोन फेरे मस्त जातो, तिसऱ्याला जड लागतो, चौथ्याला पाना लावला की आटे साफ. ‘बसतंय की’चा सगळ्यात महागडा अर्थ हा. जीप आणि ट्रॅक्टरमुळे पाव, पाच सोळांश, तीन अष्टमांश आणि सात सोळांश इंची यूएनएफ बोल्ट इथल्या हार्डवेअरवाल्यांकडं मिळतात, पण मागताना नुसतं ‘इंची’ म्हणू नका. इंचीत बीएसडब्ल्यू आणि बीएसएफ हे जुने ब्रिटिश आटे पण येतात. थ्रेड गेज खिशात ठेवा. हेडच्या नटांना ५० फूट-पाउंड, मेनला ७०, बिग एंडला ३५. टॉर्क रेंच स्वतःचा न्या. हात बसलाय म्हणणाऱ्याचा हात डिझेलवर बसलेला असतो.

ओतकामात कोल्हापूरचा नाद करायचा नाही, पण फाउंड्रीला एका नगाची ऑर्डर म्हणजे डोकेदुखी. ते टनात विचार करतात. म्हणून थेट फाउंड्रीत न जाता पॅटर्नवाल्याकडं जा. त्याच्या कामाच्या ओघात तुमचा एखादा साचा भरला जातो. नेहमीची चूक अशी की जुना तुटका एक्झॉस्ट मॅनिफोल्डच पॅटर्न म्हणून वाळूत दाबतात. बीड थिजताना सुमारे १ टक्का आकसतं. ३०० मिमी अंतर २९७ होतं, आणि स्टडची भोकं जागेवर येत नाहीत. ॲल्युमिनियम त्याहून जास्त, सव्वा ते दीड टक्का. पॅटर्न आकसपट्टीनं मोठा करावा लागतो, शिवाय मशीनिंगला फेसवर ३ मिमी जास्त ठेवावे लागतात. ग्रेड लिहून द्या : मॅनिफोल्डला एफजी २००, ॲल्युमिनियमच्या थर्मोस्टॅट एल्बोला एलएम २५. ‘चांगलं ॲल्युमिनियम’ म्हटलं तर भट्टीत जे असेल ते येतं. आणि ब्रेक किंवा स्टीअरिंगचा कुठलाही भाग ओतून घेऊ नका, कोण कितीही तयार असला तरी.

पत्रेवाल्यांकडं हात आहे, पण तो टेम्पोच्या बॉडीवर तयार झालेला. एमजीएचे दरवाजे, बॉनेट आणि डिकीची कातडी ॲल्युमिनियमची आहे, बाकी अंग पोलादी आणि खाली वेगळी चासी. पायाखालच्या फळ्या चक्क प्लायवूडच्या आहेत. त्या जागी पत्रा मारून ‘मजबूत’ करून देतात, तो नको. सडतात त्या सिल, म्हणजे दरवाजाखालच्या लांब पट्ट्या. सिल कापण्याआधी दरवाजे लावून, फटी सारख्या करून, दरवाजाच्या चौकटीत आडवा पाइप टाचून घ्या. नाहीतर बॉडी मधून खचते आणि नवी सिल वाकड्या मापात वेल्ड होते. मग दरवाजा लागत नाही आणि लांबी (पुट्टी) भरून फट जुळवली जाते. सिलला १.२ मिमी, बाहेरच्या अंगाला ०.९ मिमी सीआरसी (थंड लाटलेला) पत्रा. चुंबकानं लांबीची जाडी बघायची युक्ती पोलादावरच चालते; ॲल्युमिनियमच्या दारावर चुंबक तसाही चिकटत नाही, त्यामुळे तिथं जे दडवलं जातं ते कळत नाही. दार सुटं असताना आतून बघा.

लांबी २ मिमीच्या वर गेली तर तडकणार. त्याजागी जुनी रीत म्हणजे शिसं भरणं, आणि ती समजावून सांगायला सोपा शब्द आहे : कल्हई. पत्रा घासून उघडा करायचा, फ्लक्स लावायचं, तापवून कथलाचा पातळ थर फडक्यानं पसरायचा, आणि मग शिसं-कथलाची कांडी मऊ करून लाकडी पट्टीनं आकार द्यायचा. पितळी पातेल्याला कल्हई करणारा नवसागर टाकून फडकं फिरवतो तेव्हा जी चमक एकदम धावत जाते, तीच इथं दिसली पाहिजे. जिथं धावली नाही तिथं शिसं धरत नाही. नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानं दोनदा धुवायचं. फ्लक्स राहिला तर रंगाखालून महिन्याभरात फोड येतात. शिशाला सँडर लावायचा नाही, कानशीच वापरायची. धूळ पोटात जायला नको.

रंग मूळचा सेल्युलोज, आपल्याकडं एनसी म्हणतात तो. पावसाळ्यात मारला तर हवेतला ओलावा धरून पांढरट पडतो. जून ते सप्टेंबर बूथला द्यायचा नाही, एवढंच.

कार्बोरेटर इथं देऊ नका असं का म्हटलं? गाडीला एसयू कंपनीचे दोन एच-४ कार्बोरेटर, दीड इंची, दोन्हींनी एकसारखा श्वास घ्यायला हवा. थ्रॉटलच्या दांड्याची भोकं झिजून हवा ओढतात. ती रीम करून बुश घालताना दांडा केसभर तिरका बसला तर बटरफ्लाय अडकतो. उद्यमनगरच्या ड्रिलवर हे होत नाही, जिग लागतं. शिवाय २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमुळे मिक्श्चर पातळ होतं आणि जेटच्या खालचे जुने कॉर्कचे सील, जुने रबरी होज गळायला लागतात. सील बदला, होज इथेनॉलला टिकणारे घ्या, आणि कार्बोरेटरच्या पिस्टनच्या डॅम्परमध्ये वीस ग्रेडचं ऑइल घाला. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकीत पेट्रोल ठेवू नका.

वायरिंगवाल्याला एकच सूचना, मोठ्या अक्षरात : पॉझिटिव्ह अर्थ, म्हणजे बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला. सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सीटच्या मागं असतात. सवयीनं निगेटिव्ह बॉडीला लावली की डायनॅमो उलटा पडतो.

सीटसाठी चप्पललाईनकडं (कोल्हापुरातला चपलांचा बाजार) बोट दाखवणारे पुष्कळ भेटतात. कोल्हापुरी चपलेचं कातडं वनस्पतीनं कमावलेलं, जाड आणि ताठ. पायाला ते मुरतं, सीटच्या शिवणीत मोडतं, आणि पावसाचा थेंब पडला की डाग. सीटला क्रोमनं कमावलेलं, मिलिमीटर-सव्वा मिलिमीटरचं मऊ कातडं लागतं. क्रोम प्लेटिंगचं विचारताना ‘आधी तांबं, मग निकेल, मग क्रोम’ असं तीन थरांचं उत्तर आलं तरच बंपर सोडा.

इंजिन जोडून झाल्यावर पहिल्या स्टार्टला आयडलवर सोडायचं नाही. नवा कॅम असेल तर पहिली वीस मिनिटं २००० आरपीएमच्या आसपास, म्हणजे कॅमच्या लोबवर (उंचवट्यावर) ऑइल उडत राहतं. ऑइल २०डब्ल्यू-५०, जस्त असलेलं. गरम झाल्यावर रस्त्यात प्रेशर ५० पीएसआयच्या आसपास आणि आयडलला १५ दिसलं की मशीन शॉपला पेढे न्यायला हरकत नाही.

आणि एक गोष्ट सगळ्यात आधी, ब्लॉक रिक्षात टाकण्यापूर्वी. इंजिन नंबरची पत्री ब्लॉकला रिव्हेटनं बसवलेली असते. मशीन शॉपमध्ये पहिलं काम म्हणजे ब्लॉक कॉस्टिक सोड्याच्या गरम टाकीत उकळणं, आणि ॲल्युमिनियमचं जे काही त्या टाकीत जातं ते खाऊन टाकलं जातं. पत्री काढा, दोन्ही बाजूंनी फोटो काढा, कागदात गुंडाळून आरसी बुकात ठेवा. २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरच्या गाडीला व्हीए मालिकेतला व्हिंटेज नंबर मिळतो, नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, पुढच्या नोंदणीला ५,०००. चासीत आणि बॉडीत फेरबदल केलेला त्यात चालत नाही, आणि नंबर जुळले नाहीत तर एमएच ०९ च्या (कोल्हापूर आरटीओच्या) खिडकीवर कुणीही ‘बसतंय की’ म्हणत नाही.